आण्णांना वाचून दाखवायला पुढचं पुस्तक कोणतं घेऊ? (रहस्य, थरार आणि आजच्या कादंबऱ्या)

दुधनाकाठ | 2 डिसेंबर, रात्री 10:20

नमस्कार मंडळी. मी सेलूची, जिल्हा परभणी. पुस्तक सुचवा म्हणून इथं बरेच धागे आहेत, ते सगळे चाळले. माझी गरज थोडी वेगळी आहे म्हणून नवा धागा काढतेय.

माझ्या वडिलांची, आण्णांची, नजर काचबिंदूनं गेली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. हे घरात सगळ्यात आधी त्यांनीच मान्य केलं. आण्णा जिनिंगमध्ये दिवाणजी होते. हंगामात रात्रपाळी असायची, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि आण्णांच्या सदऱ्याच्या खिशात दुमडलेलं पॉकेटबुक. बसस्टँडसमोरच्या एका दुकानातून ती पुस्तकं भाड्यानं मिळायची. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड ही नावं मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतेय.

दिवाळीनंतर मी रोज जेवणं आटोपली की पाऊण तास त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. पाऊण तासात वीसेक पानं होतात, म्हणजे चारशे पानांची कादंबरी तीन आठवडे पुरते. आतापर्यंत अर्नाळकरांची दोन जुनी पुस्तकं झाली, सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंद या नायकाच्या तीन कादंबऱ्या झाल्या, आणि भालबा केळकरांनी मराठीत आणलेल्या शेरलॉक होम्सच्या बऱ्याच कथा झाल्या. होम्स फार रमला. एक कथा दोन रात्रीत संपते, आणि वॉटसन सांगतोय म्हटल्यावर कुणीतरी समोर बसून बोलतंय असंच वाटतं.

पण तीन पुस्तकं अर्ध्यात सोडावी लागली. एका अनुवादित कादंबरीत पहिल्या पन्नास पानांतच इतकी परदेशी नावं आली की आण्णा म्हणाले, "थांब. ह्यो कोन? मघाचा का दुसरा?" मला तरी कुठं आठवत होतं! दुसरी आजच्या काळातली मराठी कादंबरी होती, मला स्वतःला आवडलेली. ती दर चार पानांना मागं-पुढं उडी मारते. कागदावर मध्ये मोकळी ओळ दिसते, कानाला ती कशी दिसणार? तिसरीबद्दल सांगत नाही, ती नुसतीच कंटाळवाणी निघाली.

तर कानानं ऐकायला चांगली अशी रहस्यं, थरारकथा आणि अलीकडच्या कादंबऱ्या सुचवा. आण्णांना तपास आवडतो. कंदील कुणी विझवला हे लेखकानं सांगितलं नसेल तर ते तीन दिवस विसरत नाहीत.

गंजगोलाई | 2 डिसेंबर, रात्री 11:05

ताई, धागा काढलात फार बरं केलंत. मी लातूरला वकिली करतो, त्यामुळं माझी पसंती आधीच कळली असेल. जॉन ग्रिशम. हा माणूस स्वतः मिसिसिपीत वकिली करत होता, पहिली कादंबरी 1989 ची. मराठीत त्याचे बरेच अनुवाद आलेत. कोर्टातली उलटतपासणी मोठ्यानं वाचायला फार सोपी असते, कारण एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. नावं कमी लागतात. ऐकणाऱ्याला कोण बोलतंय ते आवाजावरूनच कळतं.

दुसरं, फ्रेडरिक फोर्सिथची 'द डे ऑफ द जॅकल', 1971 ची. फ्रान्सच्या अध्यक्षांना, म्हणजे द गॉल यांना मारण्याची सुपारी एका माणसाला दिली जाते. आता द गॉल 1970 साली आपल्या घरी वारले, हे जगाला ठाऊक आहे. म्हणजे कट फसणार हे पहिल्या पानापासून माहीत! तरी पुस्तक खाली ठेववत नाही. बनावट पासपोर्ट कसा मिळवला, बंदूक कशी बनवून घेतली, ती सीमेपार कशी नेली, आणि त्याच वेळी एक साधासा दिसणारा पोलीस अधिकारी कागदपत्रं चाळत चाळत कसा जवळ येतो, हे सगळं कळण्यातच खरी मजा आहे. तुमच्या आण्णांनी काट्यावर हिशेब सांभाळलाय. अशा माणसाला 'कसं केलं' हे ऐकायला आवडेल असं मला मनापासून वाटतं.

नावांची अडचण मात्र इथंही येईल. फ्रेंच आहेत सगळी.

बालाघाट | 3 डिसेंबर, सकाळी 8:30

मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका ड वर्ग वाचनालयात आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, 1967 च्या कायद्याखाली आपल्याकडच्या सार्वजनिक वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केलेत. ड म्हणजे सगळ्यात लहान. आमच्याकडं दोन कपाटं आणि एक लांब टेबल आहे, पण रहस्यकथांचा कप्पा कायम रिकामा असतो, कारण पुस्तकं बाहेरच असतात.

माझं सांगणं एवढंच की विकत घ्यायच्या आधी वाचनालयात जाऊन पहिलं प्रकरण उभ्या उभ्या, ओठ हलवत वाचा. डोळ्यांनी वाचताना जे वाक्य सरळ वाटतं ते तोंडात अडकतं. मी वाचकांना पुस्तक देताना असंच करतो, आमच्याकडं डोळ्यांची तक्रार असलेले चार-पाच जण आहेत आणि त्यांची नातवंडं पुस्तकं नेतात. तोंडात अडकलं की ते पुस्तक त्यांना देत नाही.

आणि तुमच्या वाचनालयात मागणीची वही असेल. तिच्यात नाव लिहून या. त्या वहीत फार कमी लोक लिहितात, म्हणून लिहिलेलं पुस्तक बहुतेक वेळा येतंच.

खामकाठी | 3 डिसेंबर, दुपारी 1:12

संभाजीनगरहून. फेलूदा! अजून कुणी कसं सुचवलं नाही?

सत्यजित राय यांचा गुप्तहेर. मराठीत अशोक जैन यांनी आणला, रोहन प्रकाशननं काढला. गोष्ट सांगतो तोपशे, फेलूदाचा चुलतभाऊ, म्हणजे होम्स-वॉटसनचीच रीत. सोबत जटायू असतात, ते स्वतः थरारकादंबऱ्या लिहिणारे लेखक. माणसं तीन, आवाज तीन. वाचणाऱ्याला सोपं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फेलूदाची एक गोष्ट आपल्या वेरूळला घडते. जुन्या देवळांतली शिल्पं तोडून परदेशात विकणारी टोळी, आणि तिचा माग काढत फेलूदा थेट कैलास लेण्यात येऊन पोचतो. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा शाळेत होतो. दुसऱ्या रविवारी सायकलवरून वेरूळला गेलो आणि कोण कुठं लपलं असेल ते बघत फिरलो. माझ्या गावाच्या इतक्या जवळ रहस्य घडू शकतं ही गोष्ट मला तोवर सुचलीच नव्हती.

गोदातीर | 3 डिसेंबर, संध्याकाळी 6:40

लेकरा, तू आण्णांना वाचून दाखवतीस हे वाचून फार बरं वाटलं. मी नांदेडची, निवृत्त शिक्षिका. आमच्या लहानपणी श्रावणात घरी पोथी लावायचे. पांडवप्रताप, हरिविजय. एकजण ओवी वाचायचा आणि दुसरा अर्थ सांगायचा. अर्थ सांगणारा आमचा मामा इतका ताकदीचा होता की अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की अंगणातल्या बायका श्वास धरून बसायच्या. शेवट सगळ्यांना पाठ होता. मघाशी वकीलसाहेबांनी जॅकलबद्दल जे लिहिलं ते मला म्हणूनच पटलं.

माझं सुचवणं थोडं वेगळं आहे. थरार म्हणजे खूनच कशाला हवा? प्रभाकर पेंढारकरांची 'रारंग ढांग' घे. 1981 ची आहे, पण भाषा आज लिहिल्यासारखी. हिमालयात सैन्यासाठी रस्ता बांधणाऱ्या माणसांची गोष्ट. एका बाजूला कडा, एका बाजूला नियमाचं पुस्तक, आणि मध्ये विश्वनाथ नावाचा तरुण इंजिनिअर. पुढं काय होतंय याची धाकधूक शेवटच्या पानापर्यंत राहते. लहान आहे, दहा-बारा रात्रीत होईल.

आणि आण्णांना राजकारणाची आवड असेल तर अरुण साधूंची 'सिंहासन'. 1977 ची. मुख्यमंत्र्याची खुर्ची आणि तिच्याभोवती फिरणारी माणसं. त्यावरचा सिनेमा तुम्ही बघितला असेल, तो 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन्ही कादंबऱ्या मिळून केलेला. त्यात बंदूक नाही, पण प्रत्येक फोन वाजला की धडकी भरते.

कयाधू | 4 डिसेंबर, रात्री 12:30

मूळ हिंगोलीचा, सध्या पुण्यात. इथं सगळे जुनी पुस्तकं सुचवतायत म्हणून मी अलीकडच्यांबद्दल लिहितो, आणि आधी सावध करतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत गाजलेल्या बऱ्याच थरारकादंबऱ्या कानासाठी लिहिलेल्याच नाहीत. गिलियन फ्लिन यांची 'गॉन गर्ल' (2012) घ्या. एक प्रकरण नवऱ्याचं, पुढचं बायकोचं. पॉला हॉकिन्स यांची 'द गर्ल ऑन द ट्रेन' (2015) तीन बायका आळीपाळीनं सांगतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर तारीख असते. ती तारीख नजरेखालून गेली नाही तर सगळं कोडंच हरवतं. मला ही दोन्ही पुस्तकं फार आवडतात, एका बैठकीत वाचलीत. पण मोठ्यानं वाचायची झाली तर प्रत्येक वेळी 'आता अमुक बोलतेय, तारीख अमुक' असं सांगून आवाज बदलावा लागेल. दुधनाकाठ ताईंच्या दुसऱ्या पुस्तकाचं नेमकं हेच झालं असणार.

त्यापेक्षा केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. जपानीत 2005 ला आली. 2023 चा 'जाने जां' हा हिंदी सिनेमा तिच्यावरूनच केलेला. खून कुणी केला हे सुरुवातीलाच कळतं. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक त्या बाईला वाचवायला पुढं येतो, आणि त्याचा कॉलेजातला जुना मित्र, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, त्याच्यासमोर उभा राहतो. दोन हुशार मित्रांची लढाई. नावं मोजकी, काळ सरळ पुढं जाणारा. शेवट मी सांगणार नाही. मी तो वाचून रात्री दोन वाजता खोलीबाहेर येऊन उभा राहिलो होतो.

गंजगोलाई | 4 डिसेंबर, सकाळी 9:15

कयाधू, तारखांचा मुद्दा एकदम बरोबर. मी कधी असा विचारच केला नव्हता.

वाचनवेडा_जालना | 4 डिसेंबर, दुपारी 3:00

ऑडिओ पुस्तकं का लावत नाही? मराठीत भरपूर आहेत, चांगले नट वाचतात.

दुधनाकाठ | 4 डिसेंबर, रात्री 10:45

लावून बघितलं दादा. आवाज सुंदर होता. पण आण्णा म्हणाले, "त्येला थांब म्हनता येत न्हाई." त्यांना मध्येच थांबवून बोलायचं असतं. "त्या डॉक्टरचा हात का थरथरायला, ते बघ मागं." मग मी मागची पानं उलटते आणि खरंच तिथं काहीतरी सापडतं. आमचं अर्धं वाचन असं मागं जाण्यातच होतं.

फेलूदाचा संच इथल्याच एका मावशींकडं निघाला. उद्यापासून वेरूळची गोष्ट सुरू करते. गोदातीर मावशी, पोथीचं तुम्ही लिहिलं ते आण्णांना वाचून दाखवलं. आमच्या आजोबांच्या वेळी घरात हरिविजय लागायचा म्हणे. मला हे आजच कळलं.

दुधनाकाठ | 12 डिसेंबर, रात्री 10:10

वेरूळ झालं. पहिल्या रात्री आण्णा नुसतं ऐकत होते. दुसऱ्या रात्री लेणं आलं आणि ते सरळ होऊन बसले. जिनिंगमधल्या मंडळींबरोबर पंचेचाळीस वर्षांपूर्वी ते वेरूळला गेले होते. कैलास म्हणजे सोळा नंबरचं लेणं हे त्यांना अजून लक्षात. मग पुस्तक मांडीवर ठेवून मी ऐकत बसले आणि ते सांगत राहिले. वरच्या बाजूनं डोंगर फोडत खाली आलेत, आत शिरल्यावर हत्ती आहे, त्याची सोंड तुटलेली आहे, ऊन कुठल्या वेळी कुठं येतं. त्या दिवशी पानं सहाच झाली.

तिसऱ्या रात्री त्यांनी चोर ओळखला. बरोबर ओळखला! कसा, ते विचारलं तर म्हणाले, "जो मानूस लई माहिती सांगायला, त्येच्यावर ध्यान ठिवायचं."

खामकाठी, तुमचे उपकार आहेत.

खामकाठी | 12 डिसेंबर, रात्री 10:25

हे वाचून घरात सगळ्यांना दाखवलं. आण्णांना नमस्कार सांगा.

बिंदुसरा | 13 डिसेंबर, सकाळी 7:50

बीडहून. नावांच्या अडचणीवर माझा एक प्रयोग सांगतो. आजीला मी अगाथा ख्रिस्तीची 'अँड देन देअर वेअर नन' सांगितली. इंग्रजी पुस्तक हातात धरून मराठीत सांगत गेलो. 1939 ची कादंबरी. एका बेटावरच्या घरात दहा माणसं अडकतात आणि एकेक करून मरत जातात. जेवणाच्या टेबलावर दहा छोट्या बाहुल्या असतात, माणूस गेलं की एक बाहुली नाहीशी होते.

दहा परकी नावं आजीच्या लक्षात राहणं शक्यच नव्हतं. मी तिच्या ओंजळीत दहा चिंचोके दिले. एक चिंचोका म्हणजे न्यायाधीश, एक डॉक्टर, एक म्हातारी बाई, एक फौजी. नावं टाकून दिली, धंदे ठेवले. माणूस मेलं की ती एक चिंचोका ताटलीत टाकायची. टण् असा आवाज यायचा. शेवटी शेवटी तर त्या आवाजानं माझ्याच अंगावर काटा यायचा. आजी आठव्या चिंचोक्याला म्हणाली, "आता उरलेल्यात एकजन सैतान हाय, पन मला त्येची दया येयलीय."

कयाधू | 13 डिसेंबर, सकाळी 9:00

बिंदुसरा, हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

तेरणा | 14 डिसेंबर, रात्री 8:20

मी धाराशिवचा. धाग्याच्या नावात 'आजच्या कादंबऱ्या' आहे, पण त्यावर अजून फारसं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

तुळजापूरच्या देविदास सौदागर यांची 'उसवण'. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. लेखक स्वतः शिलाईकाम करणारे, आणि कादंबरी गावातल्या शिंप्याचीच. तयार कपडे आले, गावातल्या मशीनवरचं काम आटत गेलं. दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाईक येईल म्हणून वाट बघणारा माणूस त्यात आहे. यात खून नाही, पोलीस नाही. पण महिन्याच्या शेवटी घर कसं चालणार ही धाकधूक कुठल्याही रहस्यापेक्षा कमी नाही. वाक्यं लहान आहेत, माणसं आपल्या गल्लीतली आहेत. मोठ्यानं वाचायला उत्तम.

आणि ती वाचल्यावर, किंवा आधी, रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' घ्या. 1971 ची. तिच्यातही शिंप्याचंच घर आहे, आणि सगळी कादंबरी त्या घरातली बाई आपल्या तोंडानं सांगते, इकडच्या बोलीत. पन्नास वर्षांच्या अंतरानं मराठवाड्यातल्याच दोन लेखकांनी शिंप्याचं घर निवडलं, याचं मला फार वाटतं. बोराडे सर लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. 2025 मध्ये ते गेले. 'पाचोळा' ही तर कानासाठीच लिहिलेली कादंबरी आहे. बाई बोलतेय आणि आपण ऐकतोय.

वाचनवेडा_जालना | 14 डिसेंबर, रात्री 9:05

तेरणा, पुस्तकं चांगली आहेत यात वाद नाही. पण मला पटत नाही. ज्या माणसाची नजर गेलीय त्याला संध्याकाळी विरंगुळा हवा. घरात, शेतात दुःख कमी आहे का? यंदा सप्टेंबरातल्या पावसानं आमचं सोयाबीन शेतातच कुजलं. दिवसभर पंचनामा, बँक, पीकविमा. रात्री पुन्हा तेच वाचायचं? मी सदानंद देशमुखांची 'बारोमास' हातात घेतली होती. साहित्य अकादमी मिळालेली, शेतकऱ्याच्या घराची कादंबरी. तीस पानांत बंद केली. वाईट आहे म्हणून बंद केली नाही, इतकी खरी होती म्हणून केली. माझ्या घरातलीच भांडणं छापल्यासारखी वाटली. मला त्या दिवसांत दारा बुलंदनं सावरलं. हे मी मनापासून सांगतोय.

तेरणा | 14 डिसेंबर, रात्री 9:40

दादा, तुमच्या सोयाबीनचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडंही तेच झालं, विहिरीच्या काठापर्यंत माती वाहून गेली. त्या आठवड्यात मीही काहीच वाचलं नाही.

तरीही मला वाटतं, आपल्या घरातलं दुःख छापलेलं दिसलं की ते थोडं दूर जाऊन बघता येतं. माझ्या आईला मी 'पाचोळा'तली काही पानं वाचून दाखवली तेव्हा ती रडली आणि नंतर अर्धा तास माहेरच्या गोष्टी सांगत बसली, ज्या तिनं कधी सांगितल्या नव्हत्या. पण कधी वाचायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, हे तुमचं मान्य.

गोदातीर | 15 डिसेंबर, सकाळी 6:15

दोघंही खरं बोलताय. मी आयुष्यभर शाळेत गोष्टी वाचून दाखवल्या. पोरांना एक हसरी, एक घाबरवणारी, मग एक जड, अशा क्रमानं द्यायचे. सलग तीन जड गोष्टी वाचल्या की पोरं खिडकीतून बाहेर बघायची. सलग तीन रहस्यं वाचली की तिसऱ्या वेळी चोर आधीच ओळखायची आणि मजा जायची. दुधनाकाठ, तू आण्णांनाच विचार. आपण इथं त्यांच्याविषयी ठरवतोय.

परभणी जिल्ह्यातल्याच आसाराम लोमटे यांचं 'आलोक' पण लक्षात ठेव. 2016 चं साहित्य अकादमी. कथासंग्रह आहे, त्यामुळं एक कथा वाचून थांबता येतं. जालन्याच्या दादांना कादंबरी झेपली नाही, तशा दिवसांत एखादी कथा झेपते.

बालाघाट | 15 डिसेंबर, सकाळी 10:30

आणखी एक, थोडं अवघड बोलतो. अलीकडच्या काही चांगल्या कादंबऱ्यांत असे प्रसंग असतात जे मुलीनं वडिलांसमोर मोठ्यानं वाचणं दोघांनाही जड जाईल. रहस्य-भय प्रकारात तर बरेचदा. त्यात लेखकाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, ती पुस्तकं एकट्यानं वाचायची आहेत. पण एक रात्र पुढचं वाचून ठेवलं तर बरं पडतं. आमच्या एका वाचकाच्या नातीची अशी फार कुचंबणा झाली होती आणि त्या दोघांचं वाचनच बंद पडलं, याची मला अजून हळहळ वाटते.

दुधनाकाठ | 15 डिसेंबर, रात्री 10:50

सगळ्यांचं वाचलं, आण्णांनाही वाचून दाखवलं. जालन्याच्या दादांचं सोयाबीनचं आलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "किती एकर?" मला सांगता आलं नाही.

'पाचोळा' का 'द डे ऑफ द जॅकल' असं विचारलं. म्हणाले, "आपल्याकडची बाई काय म्हनती ते आधी ऐकू. त्यो साहेब थांबंल."

वाचनवेडा_जालना | 15 डिसेंबर, रात्री 11:10

चार एकर. आण्णांना सांगा, हरभरा पेरलाय, बरा आहे.

दुधनाकाठ | 3 जानेवारी, रात्री 10:30

मंडळी, उशीर झाला. 'पाचोळा' चालू आहे.

पहिल्या रात्री मी शाळेत धडा वाचतात तशी वाचली. दोन पानं झाल्यावर आण्णांनी हात वर केला. "आसं न्हाई. तू मास्तरनीवानी वाचायलीस. ती बाई चुलीपुढं बसून सांगायली." मग त्यांनी तेच वाक्य म्हणून दाखवलं. त्यांच्या तोंडून ते आलं आणि मला माझी आजीच आठवली, तिचं शब्द ओढणं, मध्येच थांबून उसासा टाकणं. मी ते वाक्य पाच वेळा म्हटलं, तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली. मी या बोलीत वाढले आणि कॉलेजला गेल्यावर ती पुसून टाकली. आता आण्णा ती परत शिकवतायत, एकेक ओळ. दिवसाला दहा-बारा पानंच होतात.

शेजारच्या काकू चौथ्या दिवसापासून येऊन बसतात. त्यांच्या सासरी शिंपीकाम होतं. काजं करायचं काम बायकांकडं असायचं, कंदिलाच्या उजेडात, असं त्या सांगत होत्या. आण्णा त्यांना बारीक बारीक विचारत होते, एका सदऱ्याला काजं किती, पैसे कसे मिळायचे, हिशेब कोण ठेवायचं. तपासच चालला होता.

अजून तीन-चार रात्रींचं वाचन उरलंय. काल एका प्रसंगापाशी माझा आवाज बसला आणि मी थांबले. कुणीच काही बोललं नाही. मग आण्णा म्हणाले, "उद्या वाच." एरवी ऐन रंगात पुस्तक मिटलेलं त्यांना चालत नाही.

पुढचं ठरलंय. 'पाचोळा' संपली की मध्ये एक दारा बुलंद, हा आण्णांचा हुकूम. मग 'जॅकल'. फ्रेंच नावांसाठी बिंदुसरांचे चिंचोके काढून ठेवलेत, काकूंनीच आणून दिले. त्यानंतर 'उसवण'. वाचनालयाच्या मागणीच्या वहीत 'उसवण' आणि 'सिंहासन' दोन्ही लिहून आलेय. वहीत माझ्या आधीची शेवटची नोंद दीड वर्षापूर्वीची होती. बालाघाट दादा, तुम्ही म्हणालात ते खरंय.

आता एक मदत हवी. 'रारंग ढांग'ची जुनी प्रत मिळालीय, पण टाईप बारीक आहे आणि रात्री दिव्याखाली माझेच डोळे दुखतात. जरा मोठ्या अक्षरांची प्रत कुणाकडं असेल, तर महिन्याभरासाठी द्याल का? नांदेड-परभणी भागातलं कुणी असेल तर मी येऊन घेऊन जाईन.

गोदातीर | 4 जानेवारी, सकाळी 6:05

माझ्याकडं आहे. येऊ नकोस, पुढच्या आठवड्यात माझा भाचा सेलूला येतोय, त्याच्या हाती देते. आणि लेकरा, तुझे डोळे तपासून घे. काचबिंदू घरात असला की मुलांनी दरवर्षी डोळ्यांतला दाब मोजून घ्यायचा असतो.